चाकामागची जागा



आम्हाला सायकलची शर्यत शिकवणाऱ्या मास्तरांच्या नावाने बोलायला उभी राहिले की मला आधी तासगाव रस्ता आठवतो. १९९१ सालचा जून महिना. पश्चिमेचा वारा सुरू झाला होता. तासगावाहून सांगलीकडे परतताना तो सरळ तोंडावर येतो, हे इथल्या प्रत्येक सायकलस्वाराला ठाऊक आहे. सात मुलगे आणि मी, अशी आमची रांग होती. मी सतरा वर्षांची, रांगेत शेवटी, आणि हळूहळू सुटत चाललेली. मास्तर मागून लूनावरून येत होते. त्यांनी आमच्यातल्या सगळ्यात वेगवान मुलाला हाक मारली. ‘तू हिच्या पुढे ये. सांगलीपर्यंत हिला तुझ्या चाकामागून आण. हिला वारा लागता कामा नये.’

तो मुलगा खरोखर गोंधळला. ‘मास्तर, मी हिच्यासाठी पुढे राहू?’

‘आज तू हिच्यासाठी. रविवारी ती तुझ्यासाठी.’

मला आज जे सांगायचे आहे ते सगळे या दोन वाक्यांत आहे. पण तो विचार कुठून आला आणि जगात तो कुठवर पोचला, हे सांगायला तासभर लागेल. आजच्या व्याख्यानाच्या संयोजकांनी मला विषय दिला तो रोड सायकलिंगमधले करिअर आणि सर्वांना सामावून घेणारा संघ असा. हे दोन विषय नाहीत, एकच आहे. या खेळात संघाबाहेर करिअर नसते.

ज्यांनी रोड शर्यत जवळून पाहिलेली नाही त्यांना ती एकेकट्याची वाटते. पोडियमवर एकच जण उभा राहतो, पिवळी जर्सी एकच असते. पण टूर द फ्रान्समध्ये आज प्रत्येक संघात आठ जण असतात आणि त्यातले सहा-सात स्वतःसाठी जिंकायला आलेलेच नसतात. कारण वारा. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकाला लागून गेलात तर त्या कष्टाचा मोठा वाटा वाचतो. बेल्जियन अभियंते बर्ट ब्लोकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला. जथ्याच्या पोटात, सगळीकडून झाकलेल्या जागी, हवेचा विरोध एकट्या सायकलस्वाराच्या तुलनेत पाच ते दहा टक्के इतका खाली येतो, असे त्यांना दिसले. म्हणजे आतल्याला जवळपास बसून राहिल्यासारखे आणि पुढच्याला भिंत ढकलत गेल्यासारखे. कुणी पुढे राहायचे आणि कुणी आत, हाच या खेळातला सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि तो शर्यतीच्या आधी, हॉटेलात किंवा बसमध्ये बसून घेतला जातो.

जो दुसऱ्यासाठी पुढे राहतो त्याला ‘डोमेस्तीक’ म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ घरगडी. हा शब्द शिवी म्हणून जन्मला. १९११ च्या टूरमध्ये मोरिस ब्रोको नावाचा सायकलस्वार स्वतःची आशा संपल्यावर दुसऱ्याला मदत करतोय, असा संशय टूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांना आला आणि त्यांनी त्याला तुच्छतेने हे नाव दिले. दुसऱ्याच्या कामी येणे म्हणजे खेळाडूपण गमावणे, असा तेव्हाचा विचार होता. पुढे खेळानेच तो विचार मोडून काढला. आज डोमेस्तीक असणे हा मानाचा, पगारी पेशा आहे. गाडीपर्यंत मागे जाऊन सहा-सात बाटल्या जर्सीत कोंबून परत जथ्यात येणे, नेत्याला पंक्चर झाले तर स्वतःचे चाक काढून देणे, घाटाच्या पायथ्यापर्यंत वारा अंगावर घेणे आणि मग बाजूला होणे. नेता जिंकला तर बक्षिसाची रक्कम संघात वाटली जाते, त्यात मेकॅनिक आणि मालिश करणारेही येतात. हा जुना रिवाज आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

म्हणून एखाद्या संघाने कुणाला सामावून घेतले का, हे मी संघाच्या फोटोवरून ठरवत नाही. फोटोत सगळ्यांना उभे करता येते. मी विचारते, या माणसासाठी संघातले कुणी कधी वारा अंगावर घेतला आहे का?

जो एकटा राहिला त्याच्यापासून सुरुवात करते. मार्शल टेलर, लोक त्याला मेजर टेलर म्हणत. १८७८ मध्ये इंडियानापोलिसला जन्मलेला कृष्णवर्णीय अमेरिकन. तो ट्रॅकवरचा स्प्रिंटर होता, रस्त्यावरचा नव्हे, पण त्याच्या गोष्टीशिवाय ही गोष्ट सुरू होत नाही. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मुख्य संघटनेने कृष्णवर्णीयांना सदस्यत्व बंद केले. तरी टेलर धावला आणि १८९९ मध्ये माँट्रियलला एक मैलाच्या स्प्रिंटमध्ये विश्वविजेता झाला. त्याच्याविरुद्ध बाकीचे गोरे स्वार एकत्र येत, त्याला कोंडीत धरत, ढकलत. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शर्यतीनंतर तर एका प्रतिस्पर्ध्याने त्याचा गळा आवळून त्याला बेशुद्ध केले. टेलरने उपाय शोधला तो एकट्या माणसाचा. सुरुवातीपासून सगळ्यांच्या पुढे निघून जायचे, म्हणजे कुणी कोंडू शकणार नाही. जो सतत पुढे राहतो त्याला कुणाच्या चाकामागे जागा मिळत नाही. जगातला सर्वांत वेगवान माणूस १९३२ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातल्या धर्मादाय वॉर्डात वारला आणि बेवारसांच्या जागेत पुरला गेला. १९४८ मध्ये काही जुन्या सायकलस्वारांनी पुढाकार घेऊन त्याला नीट जागा दिली.

आता आफ्रिकेकडे येते. तिथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण मास्तर शेवटच्या आजारपणात ज्या बातम्या माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत, त्या बऱ्याचशा तिकडच्याच असत.

एरिट्रियाची राजधानी अस्मारा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे. महाबळेश्वरपेक्षा हजारभर मीटर उंच. इटालियन वसाहत असताना तिथे सायकल आली आणि शर्यतीही आल्या. सुरुवातीला स्थानिकांना इटालियन क्लबांत प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी आपले क्लब काढले. १९३९ मध्ये इटालियनांबरोबर झालेल्या एका शर्यतीत गेब्रेमरियम गेब्रू हा एरिट्रियन जिंकला. साहेबाच्या खेळात साहेबाला हरवणे म्हणजे काय, हे भारतातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हापासून एरिट्रियात सायकल हा रविवारचा सण आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी होते आणि आज्यांना नातवांच्या शर्यतीचे वेळापत्रक पाठ असते.

उंची आहे, घाट आहेत, पोरे आहेत, प्रेम आहे. मग युरोपातल्या मोठ्या शर्यतीत एरिट्रियन का दिसत नव्हते? दम कमी पडत होता म्हणून नाही. जथ्यात शिरायची विद्या फक्त जथ्यातच शिकता येते. बेल्जियमच्या अरुंद, दगडी रस्त्यांवर दीडशे जणांबरोबर, आडव्या वाऱ्यात, खांद्याला खांदा लावून जाण्याची सवय अस्मारात एकट्याने घाट चढून लागत नाही. तिथे जायला व्हिसा लागतो, राहायला घर लागते, आणि सोळा-सतराव्या वर्षी जाता आले तरच उपयोग. सायकलिंगमध्ये सतरा-अठरा वर्षे म्हणजे ज्युनियर, त्यानंतर तेवीसच्या आतली चार वर्षे. त्या चार वर्षांत कुणी पाहिले नाही तर दार बंद होते. स्वित्झर्लंडमधल्या एगल या गावी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे केंद्र २००२ पासून चालते. जिथे संघ नाहीत अशा देशांतली मुले तिथे आणून ठेवली जातात आणि शर्यतींना नेली जातात. मला हे केंद्र फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी सायकल दान केली नाही, जथ्यात उतरण्याची संधी दिली.

दुसरी मोठी खटपट दक्षिण आफ्रिकेतून झाली. डग रायडर या माजी सायकलस्वाराने उभा केलेला एमटीएन-क्यूबेका हा संघ. ‘क्यूबेका’ हा न्गुनी भाषांमधला शब्द, त्याचा अर्थ पुढे जाणे. त्याच नावाची धर्मादाय संस्था शाळकरी मुलांना सायकली देते आणि संघ तिचे नाव छातीवर घेऊन धावत असे. २०१५ मध्ये हा संघ टूर द फ्रान्सला गेला, आफ्रिकेत नोंदवलेला पहिला संघ म्हणून. नऊपैकी पाच जण आफ्रिकी. त्यांच्यातल्या दानियल तेक्लेहाइमानोत या एरिट्रियनाने सहाव्या टप्प्यावर घाटांच्या राजाची लाल ठिपक्यांची जर्सी अंगावर घेतली आणि चार दिवस टिकवली. १८ जुलैला, मंडेला दिनी, मांदच्या चढावर त्याच संघातला इंग्लंडचा स्टीव्ह कमिंग्स दोन फ्रेंचांना शेवटच्या किलोमीटरमध्ये गाठून जिंकला. मी तो टप्पा मास्तरांबरोबर त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या छोट्या टीव्हीवर पाहिला. मास्तर एकही शब्द बोलले नाहीत. त्यांनी हातातला स्पोक पाना खाली ठेवला आणि चहा मागवला. दुकान चालू असताना ते असे कधी करत नसत.

पण पुढची गोष्टही सांगितलीच पाहिजे. पुढच्याच वर्षी तो संघ नव्या प्रायोजकाच्या नावाने सर्वोच्च श्रेणीत गेला. तिथे टिकायचे तर गुण लागतात आणि गुण मोठ्या शर्यतींत वरच्या क्रमांकाला मिळतात. ते मिळवून देणारे तयार स्वार युरोपातून आणावे लागतात. मार्क कॅव्हेंडिशने २०१६ च्या टूरमध्ये त्या संघासाठी चार टप्पे जिंकले. ते यश मोठेच होते. पण ज्या मुलांसाठी संघ काढला ती मुले पुन्हा बाटल्या आणणाऱ्यांत गेली, आणि मग बाटल्या आणणाऱ्यांतही कमी होऊ लागली. प्रायोजक बदलत गेले, आणि २०२१ च्या अखेरीस संघ बंद पडला. रायडर यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. हेतू कितीही चांगला असला तरी गुणांची आणि पैशांची रचना त्याच्या विरुद्ध बाजूला ओढत असेल तर काय होते, ते इथे दिसते. संघ चालवणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

तरी वाया काहीच गेले नाही. अस्मारात २००० साली जन्मलेला एक मुलगा हे सगळे टीव्हीवर पाहत होता. बिनियम गिरमाय. तो एगलच्या केंद्रात गेला, मग एका लहान फ्रेंच संघात. तो संघ आर्थिक अडचणीत आला आणि २०२१ मध्ये बुडाला. तेव्हा त्याला इंटरमार्शे-वांटी या बेल्जियन संघाने घेतले. मोठ्या संघांच्या मानाने त्यांची तिजोरी लहान, पण त्यांनी त्याला एक गोष्ट दिली जी पूर्वी फार थोड्या कृष्णवर्णीय आफ्रिकी स्वारांना मिळाली होती. शेवटच्या किलोमीटरमध्ये त्याच्यापुढे सहकारी राहिले.

२७ मार्च २०२२ ला तो गेंट-वेवेलगेम जिंकला. बेल्जियमच्या दगडी रस्त्यांवरची ही मोठी शर्यत पहिल्यांदाच एका आफ्रिकी स्वाराने जिंकली. पुढच्याच रविवारी टूर ऑफ फ्लँडर्स होती, त्या देशातली सगळ्यात मोठी शर्यत, आणि सगळे त्याच्या नावाचा घोष करत होते. तो गेला नाही. ठरल्याप्रमाणे घरी गेला, कारण बायकोला आणि लहान मुलीला त्याने तीन महिने पाहिले नव्हते. संघानेही त्याचे ऐकले. चांगल्या संघाचे हे लक्षण मला जिंकण्याइतकेच मोठे वाटते. खेळाडू दूर देशातून आला असेल तर त्याचे घरही संघाच्या हिशोबात धरावे लागते. पुढे मे महिन्यात इटलीच्या जिरोमध्ये येसी गावात तो व्हान डेर पूल या नावाजलेल्या स्वाराला मागे टाकून टप्पा जिंकला. पोडियमवर बाटलीचे बूच उडून डोळ्याला लागले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. आणि २०२४ मध्ये टूर द फ्रान्स. तुरीन, कोलंबे-ले-द्यूज-एग्लीज आणि विलनव-स्यूर-लो, असे तीन टप्पे आणि शेवटी सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी.

या दोन टोकांमध्ये सव्वाशे वर्षे आहेत. टेलर वेगवान होता आणि एकटा होता. गिरमायही वेगवान आहे, पण त्याच्यापुढे वारा अडवणारे सात जण होते.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२० च्या टूरमध्ये १७६ जणांत केविन रेझा हा एकटा कृष्णवर्णीय स्वार होता. वर्णद्वेषाविरुद्ध काही करायचे हे जथ्याला अखेरच्या दिवशी सुचले. मुखपट्ट्यांवर घोषणा लिहिली आणि रेझाला पुढे बोलावले. त्याआधी वीस टप्पे तो त्यांच्यातूनच चालला होता.

आता मुलींकडे येते. हा माझ्या स्वतःच्या आयुष्याचा भाग आहे, तेव्हा आवाज थोडा चढला तर माफ करा.

मी राज्य पातळीवर धावत होते तेव्हा मुलांना रोख बक्षीस मिळे आणि आम्हाला स्टीलचा डबा. एका जिल्ह्याच्या शर्यतीत मी पहिली आले आणि डबा घेऊन घरी आले. आईने तो वापरायला काढला आणि तो अजून आमच्या घरी आहे. तेव्हा मला राग आला नव्हता, आनंदच झाला होता. राग खूप नंतर आला, २०२१ च्या २ ऑक्टोबरला, पॅरिस-रूबेच्या पहिल्या महिला शर्यतीच्या दिवशी. ही शर्यत १८९६ पासून पुरुषांसाठी चालते. बायकांना ती द्यायला सव्वाशे वर्षे लागली. पावसात, चिखलात, निसरड्या दगडांवर इंग्लंडच्या लिझी डायग्ननने ८२ किलोमीटर आधी हल्ला चढवला आणि एकटीने शर्यत जिंकली. हातमोजे नसल्याने हँडलवर रक्ताचे डाग होते. तिचे अधिकृत बक्षीस १,५३५ युरो. पुरुष विजेत्याला ३०,००० युरो. तिच्या संघाच्या प्रायोजक कंपनीने फरक स्वतःहून भरला. मी आकडे वाचले, स्वयंपाकघरात गेले आणि फडताळातल्या त्या डब्याकडे बघत बसले.

पण तिच्या विजयातली माझ्या विषयाची गोष्ट पुढे आहे. डायग्नन त्या दिवशी संघाची नेता नव्हतीच. पहिल्या दगडी पट्ट्यावर आपल्या नेत्यांच्या संरक्षणासाठी पुढे राहायचे, हे तिचे काम होते. ती पुढे गेली, मागे अंतर पडले, आणि संघाने तिला थांबवले नाही. मागे असलेल्या तिच्या सहकाऱ्यांनी पाठलागाला हात लावला नाही. त्यांच्यातली एलिसा लोंगो बोर्गिनी तिसरी आली. आदल्या दिवशी ठरवलेली उतरंड रस्त्यावर उलटली आणि कुणी ती पुन्हा सुलटी करायला धावले नाही.

आणखी मागे जाऊ. २०१८ मध्ये डायग्नन गरोदर होती, तेव्हाच या संघाने तिला पुढच्या हंगामासाठी करारबद्ध केले. मूल सप्टेंबरमध्ये झाले. पुढच्या वर्षी ती परत आली आणि ब्रिटनची महिला टूर जिंकली. तोपर्यंत सायकलपटू आई होणार म्हटले की तिचा करार संपला, असेच धरले जाई. २०२० पासून महिलांच्या सर्वोच्च श्रेणीच्या संघांना किमान पगार आणि बाळंतपणाची पगारी रजा बंधनकारक झाली. पगार पहिल्या वर्षी १५,००० युरो होता, २०२२ मध्ये २७,५०० झाला. हे आकडे मी माझ्याकडे सराव करणाऱ्या मुलींच्या पालकांना मुद्दाम सांगते. ते विचारतात, ‘ताई, पोरीला यात भविष्य आहे का?’ मी म्हणते, थोडक्यांना आहे, आणि दहा वर्षांपूर्वी त्या थोडक्यांनाही नव्हते.

हे करिअर कसले आहे ते मी कुणापासून लपवत नाही. व्यावसायिक करार बहुधा एका-दोन वर्षांचे असतात. वर्षाचे शेकडो तास सायकलवर जातात. हाड मोडते, हंगाम जातो, प्रायोजक जातो आणि पूर्ण संघच एका डिसेंबरमध्ये नाहीसा होतो. आपल्याकडे तर बहुतेक चांगल्या सायकलपटूंचा आधार रेल्वे आणि सैन्यदल हाच आहे. नोकरी मिळाली की घरचे शांत होतात आणि मग खेळता येते. त्यात कमीपणा काही नाही. आणि जो पोडियमवर जाणार नाही त्यालाही या खेळात जागा आहे. चाक बरोबर ट्रू करणारा मेकॅनिक, मालिश करणारा, संघाच्या गाडीतून नकाशा वाचणारा, आणि डोमेस्तीक. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी डोमेस्तीकचे काम शिकवते. नेतेपण शिकवावे लागत नाही, ते पायांत असेल तर दिसतेच. दुसऱ्यासाठी ताकद खर्च करून ताठ मानेने बाजूला होणे मात्र शिकवावे लागते.

एका वेगळ्या संघाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण मास्तरांना मधुमेह होता. अमेरिकेत फिल सदरलँड या टाइप १ मधुमेह असलेल्या सायकलस्वाराने २००५ मध्ये मित्राबरोबर संघ काढला. तो सात महिन्यांचा असताना त्याला हा आजार असल्याचे कळले होते आणि डॉक्टरांनी त्याच्या आईला मुलगा फार जगणार नाही असे सांगितले होते. २०१३ पासून तो व्यावसायिक संघ नोव्हो नॉर्डिस्क या नावाने धावतो आणि त्यातल्या प्रत्येक स्वाराला मधुमेह आहे. मिलान-सान रेमोच्या जवळपास तीनशे किलोमीटरमध्ये सुरुवातीपासून पुढे पळणाऱ्या टोळीत त्यांचा माणूस अनेकदा दिसला आहे. साखर किती, इन्सुलिन किती, पुढचा जेल केव्हा, हे तिथे कुणाला लपवावे लागत नाही, कारण शेजारच्याच्या दंडावरही साखर मोजणारे तेच यंत्र चिकटवलेले असते. मास्तर सुई टोचायला दुकानाच्या मागच्या खोलीत जात. हे वाचून दाखवल्यावर त्यांनी काउंटरवरच बाही वर केली.

आता आपल्याकडे येते. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय कार्यक्रमपत्रिकेतली अनेक दिवसांची रोड शर्यत सह्याद्रीच्या रस्त्यांवर. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढलेल्या जुन्या पिढीला यातला आनंद काय होता ते मी सांगायला नको. मी माझ्या संघातल्या मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होते. जथा गेला तेव्हा आधी आवाज आला, साखळ्यांचा एक मोठा सरसर आवाज, आणि मग वाऱ्याचा झोत. शेजारची मुलगी म्हणाली, ‘ताई, यात आपले किती?’ मी नावे सांगितली. ‘आणि मुली?’ ती शर्यत पुरुषांची होती.

त्याच मुलीबद्दल सांगते आणि थांबते. तिचे नाव सांगणार नाही. तिचे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला येतात. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी इकडच्या कारखान्याला, कोपी, म्हणजे त्यांची तात्पुरती झोपडी, आमच्या सरावाच्या रस्त्यालगत. चार वर्षांपूर्वी ती कोपीपुढे उभी राहून आमची रांग पाहत असे. मग एक दिवस वाढ्यांनी भरलेल्या बैलगाडीच्या मागून मोठ्यांची जुनी सायकल चालवत आली. नळीखालून पाय घातलेला, पण आमच्या शेवटच्या मुलाला दोन किलोमीटर सोडेना. मी थांबले आणि तिच्या आईशी बोलले.

तिला संघात घेणे म्हणजे तिला सायकल देणे, असे मला सुरुवातीला वाटले होते. सायकल दिली आणि मग एकेक गोष्ट समजत गेली. ती इथे असते नोव्हेंबर ते मार्च, गाळप चालू असेतो. नोंदणीला रहिवासी दाखला लागतो, तिचा दाखला एका जिल्ह्याचा आणि सराव दुसऱ्या जिल्ह्यात. एका कार्यालयाने मला तीनदा परत पाठवले. पहाटेच्या सरावाला तिला यायला जमत नाही, कारण फडावर निघण्याआधी धाकट्याला तिच्याकडे सोपवतात. म्हणून आम्ही सराव दुपारी ठेवला. इतर पालकांची कुरकुर झाली, ऊन, क्लास, शाळा. तरी दुपारीच ठेवला. धाकटा माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून येतो आणि बाटल्या मोजतो.

गेल्या फेब्रुवारीत एका खुल्या शर्यतीत आम्ही ठरवले की आज सगळ्यांनी तिच्यासाठी. संघातला सगळ्यात वेगवान मुलगा सांगलीतल्या चांगल्या घरचा आहे, कार्बनची सायकल आहे. त्याने काही विचारले नाही. शेवटचे चौदा किलोमीटर वाऱ्यात तो पुढे होता, ती त्याच्या चाकामागे. तिला जागा मिळाली, पण तोवर तिच्यापुढे चार जणी गेलेल्या होत्या. ती पाचवी आली. बक्षीस तिघींनाच होते. तो मुलगा सायकल टाकून गवतावर पडला होता आणि ती त्याच्या शेजारी उभी राहून म्हणत होती, ‘पुढच्या वेळी तुझ्यासाठी मी राहीन.’ मी मास्तरांची ती गोष्ट तिला कधी सांगितलेली नव्हती.

मार्चअखेर गाळप संपून पट्टा पडला आणि टोळी गावाकडे गेली. तिची सायकल मास्तरांच्या दुकानात, मागच्या खोलीत खुंटीवर टांगली आहे. पंधरवड्यातून एकदा मी साखळीला तेल घालते, चाके फिरवून पाहते, टायरमध्ये हवा भरते. तिची सीट आता अर्धा इंच वर घ्यावी लागेल, वाढीचे वय आहे. दिवाळीनंतर कारखान्याचा भोंगा वाजेल.